स्वराज्याचे पाचवे वर्ष कोणाचे?
कोकणातील विजयभट्टारिका आणि महाराष्ट्रातील पालक राण्या : एक आढावा

आमच्या मिरजोळ्यासारख्या गावात सातबारा उतारा ज्याने कधी हातात धरला आहे, त्याला ‘अ.पा.क.’ ही अक्षरे नवी नाहीत. अज्ञान पालनकर्ता. घरधनी अकाली गेला, मुले लहान राहिली, की वारसनोंद होते. मुलांची नावे चढतात आणि त्यांच्यासोबत ‘अ.पा.क. आई’ असा शेरा लागतो. हिस्सा मुलांचा, सही आईची. पुढची दहा-पंधरा वर्षे खाचर कोणाला लावायचे, आंब्याची कलमे कोणाला कराराने द्यायची, भावकीतला बांधाचा तंटा कसा मिटवायचा, हे सगळे ती बाई ठरवते. मुले सज्ञान झाली की अर्ज होतो, फेरफार पडतो आणि तो शेरा जातो. शेऱ्याबरोबर तिच्या कारभाराची कागदावरची एकुलती खूणही जाते.

राजघराण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. राजा गेला, वारस लहान, म्हणून राणीने राज्य सांभाळले. इतिहासाच्या पुस्तकांत तिच्यासाठी ‘राजप्रतिनिधी’, ‘पालक राणी’ किंवा सरळ ‘रीजंट’ असे शब्द येतात. या शब्दांतच एक निकाल दडलेला आहे : सत्ता दुसऱ्याची होती, हिने ती काही काळ राखली. हा निकाल पुराव्याला धरून आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी फार लांब जायला नको. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आज सिंधुदुर्गात असलेल्या नेरूर आणि कोचरे या दोन गावांत त्याचा एक फार जुना आणि फार मोलाचा पुरावा सापडला आहे.

नेरूर आणि कोचरे

एप्रिल १८४८ मध्ये सावंतवाडी संस्थानातल्या कुडाळ पेट्यात, नेरूर येथे जमीन खणताना ताम्रपट निघाले. मेजर ले ग्रँड जेकब या अधिकाऱ्याने त्यांची माहिती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५१ साली छापली. पुढे जॉन फेथफुल फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये चालुक्यांच्या लेखांचे काटेकोर वाचन प्रसिद्ध केले. नेरूरने बादामीच्या चालुक्यांचे इतके लेख दिले की या घराण्याचा इतिहास लिहिताना या लहानशा गावाला वगळताच येत नाही. मंगलेश, दुसरा पुलकेशी, विजयादित्य, सगळे तिथे भेटतात. आणि त्यांच्यात एक राणी भेटते : विजयभट्टारिका, म्हणजेच विजयमहादेवी. तिचा दुसरा ताम्रपट वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याचा.

ताम्रपट ही वस्तू कशी असते हे एकदा नीट पाहायला हवे. तांब्याचे दोन-तीन पत्रे. अक्षरे घासली जाऊन पुसू नयेत म्हणून कडा किंचित उचललेल्या. एका बाजूला भोक, त्यातून ओवलेली तांब्याची कडी आणि कडीच्या सांध्यावर मुद्रा. चालुक्यांचे लांछन वराह. भाषा संस्कृत, लिपी दक्षिणी वळणाची. मजकुराचा साचाही ठरलेला : आधी घराण्याची स्तुती, मग पूर्वजांची नावे, मग दान कोणी, कोणाला, कधी आणि काय दिले ते, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. आजच्या खरेदीखताचा हा पूर्वज. शेतकऱ्याच्या घरी पेटीच्या तळाशी खत जपून ठेवतात, तसे दान मिळालेल्या घराण्यांनी हे पत्रे पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि संकटाच्या वेळी पुरून ठेवले. म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

विजयभट्टारिकेचे दोन्ही लेख भूमिदानाचे आहेत. त्यांत वंशावळ पुलकेशीपर्यंत येते, मग विक्रमादित्याचे नाव, मग त्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य, आणि मग चंद्रादित्याची महादेवी विजयभट्टारिका. दान देणारी ती आहे. नेरूरच्या लेखातली कालगणना ‘स्वराज्या’च्या पाचव्या वर्षाची आहे. तिथीच्या तपशिलावरून अभ्यासकांनी तो काळ इ. स. ६५९ चा धरला आहे.

‘स्वराज्य’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की मनात सतराव्या शतकाचे चित्र उभे राहते. इथे त्याचा अर्थ साधा आहे : स्वतःची राजवट, स्वतःच्या कारकिर्दीची वर्षे. पण स्वतःची म्हणजे कोणाची? त्या एका शब्दाभोवती दीडशे वर्षे चर्चा चालू आहे.

नवरा, दीर आणि गळालेली नावे

आधी प्रसंग समजून घेऊ. दुसरा पुलकेशी इ. स. ६१०च्या सुमारास गादीवर आला. हर्षवर्धनाला नर्मदेवर थोपवणारा, कोकणच्या मौर्यांना जिंकून पुरीवर शेकडो नौकांनिशी चालून जाणारा हा राजा. ऐहोळेच्या इ. स. ६३४-३५च्या प्रशस्तीत रविकीर्तीने हे सारे कोरून ठेवले आहे आणि तीन महाराष्ट्रकांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेखही तिथलाच. आपल्या चिपळूणच्या ताम्रपटात पुलकेशीचा मामा, सेंद्रक घराण्यातला श्रीवल्लभ सेनानंद, गावदान करताना दिसतो. म्हणजे दक्षिण कोकणच्या या पट्ट्यावर चालुक्यांनी घरातलीच, नात्यातली माणसे नेमली होती.

इ. स. ६४२च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्मा बादामीवर चालून आला, राजधानी पडली, पुलकेशीचा अंत झाला. त्यानंतरची बारा-तेरा वर्षे अंधुक आहेत. पुलकेशीच्या मुलांपैकी आदित्यवर्मा कर्नूलच्या लेखात सम्राटाच्या बिरुदांसह दिसतो. चंद्रादित्य आपल्याला फक्त त्याच्या राणीच्या कोकणातल्या लेखांतून कळतो. शेवटी इ. स. ६५४-५५मध्ये विक्रमादित्य गादीवर स्थिर झाला आणि राज्य पुन्हा उभे राहिले.

इथे लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढची आहे. विक्रमादित्याच्या वंशजांनी जी अधिकृत वंशावळ पुढे चालवली, तिच्यात पुलकेशीनंतर थेट विक्रमादित्य येतो. आदित्यवर्मा नाही, चंद्रादित्य नाही आणि अर्थातच विजयभट्टारिकाही नाही. नेरूर आणि कोचऱ्याचे पत्रे वितळवून कोणी भांडी केली असती, तर ही राणी होऊन गेली हेच आपल्याला कळले नसते.

तर मग पाचवे वर्ष कोणाचे? मते मुख्यतः तीन आहेत.

पहिले मत असे की चंद्रादित्य अकाली वारला, मुलगा लहान होता, म्हणून विजयभट्टारिकेने पालक म्हणून राज्य केले आणि वर्षे त्या राजवटीची आहेत. बहुतेक सर्वसाधारण पुस्तकांत हेच येते. दुसरे मत असे की वर्षे चंद्रादित्याच्या कारकिर्दीची असून राणीने केवळ राणी म्हणून दान दिले. तिसरे मत गणितावर उभे आहे : ६५९ हे पाचवे वर्ष असेल तर पहिले वर्ष ६५४-५५ येते, आणि तेच विक्रमादित्याच्या राज्यारोहणाचे वर्ष. तेव्हा ही वर्षे दिराची मानावीत.

पहिल्या मताची अडचण मोठी आहे. दोन्ही ताम्रपटांत कोणत्याही मुलाचे नाव नाही. ‘राणी राज्य करते आहे, म्हणजे तिला लहान मुलगा असणारच’ या गृहीतकातून तो मुलगा आला आहे. ताम्रपटात त्याला जागा नाही. दुसऱ्या मतात दान देणाऱ्या व्यक्तीच्या नावाला लागून येणारी वर्षे तिच्यापासून तोडावी लागतात. तिसरे मत भक्कम वाटते, पण त्यातही एक गोष्ट सुटते : दीर गादीवर बसला त्याच सुमारास कोकणच्या या पट्ट्याचा अधिकार भावजयीकडे आला असेल, तर दोघांची वर्षे एकत्रच सुरू होणार. त्यात विसंगती काहीच नाही. विक्रमादित्याचे नाव आधी घेऊन ती त्याचे वर्चस्व मान्य करते आणि मग आपल्या अधिकारात दान देते. हे वाचन ताम्रपटाशी सर्वांत जास्त जुळते, असे माझे मत आहे.

राणी आणि कवयित्री

विजयभट्टारिकेच्या नावाला आणखी एक धागा जोडला जातो. संस्कृत सुभाषितसंग्रहांत विज्जिका किंवा विज्जका नावाच्या कवयित्रीचे श्लोक आहेत. राजशेखराने कर्णाटी विजयांका हिची थोरवी गायिली आहे. त्या दोघी एकच, आणि ती म्हणजे चंद्रादित्याची राणी, असे काही विद्वानांनी सुचवले. विज्जिकेच्या एका प्रसिद्ध श्लोकात ती स्वतःला सावळी सरस्वती म्हणवते आणि सरस्वतीला शुभ्र म्हणणाऱ्या दंडीची चूक दाखवते. ही ओळख मनाला फार भावते, आणि म्हणूनच ती जपून वापरायला हवी. दंडीचा काळ सामान्यतः सातव्या शतकाची अखेर ते आठव्याचा आरंभ असा मानतात. तसे असेल तर ६५९मध्ये दान देणाऱ्या राणीने त्याला उत्तर देणे कठीण आहे.

अलीकडे याच घराण्याबद्दल एक नवा पुरावा पुढे आला. २०२३ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने विजयादित्याच्या एका ताम्रपटाचे वाचन जाहीर केले. शके ६३८ म्हणजे इ. स. ७१७च्या आरंभीचा हा लेख. त्यात शीलाभट्टारिका ही पुलकेशीची कन्या म्हणून येते, आणि तीच सुभाषितांतली प्रसिद्ध कवयित्री शीलाभट्टारिका असावी असा निष्कर्ष ताम्रपट वाचणाऱ्यांनी मांडला. पुलकेशीच्या घरातली सून राज्य चालवते, लेकीचे नाव काव्यपरंपरेत येते. ही चित्रे अजून पूर्ण नाहीत, पण बादामीच्या राजवाड्यात बायका पडद्याआड बसून होत्या ही समजूत एवढ्यानेही ढासळते.

नाणेघाट आणि नंदिवर्धन

विजयभट्टारिका एकटी नव्हती आणि पहिलीही नव्हती. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांची आणि गाई, घोडे, कार्षापण अशा दक्षिणांची ती भलीमोठी यादी आहे. पती सातकर्णीच्या पश्चात तिने कुमारांसाठी कारभार पाहिला, असे अनेक विद्वान मानतात. लेख खंडित असल्याने वाद उरतो. पण घाटमाथ्यावर, व्यापाऱ्यांच्या वहिवाटेच्या वाटेवर हा लेख कोरला गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहावा ही इच्छा त्या जागेतच आहे.

पालक राणीचा निःसंशय पुरावा मात्र विदर्भाचा. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. पती वारल्यावर तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, राज्य चालवले. पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा तिचा लेख तेराव्या वर्षाचा आहे. त्यात ती युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून बोलते. तेरा वर्षे झाली तरी मुलगा युवराजच आहे! आणि वंशावळ पाहावी तर ती सासरची नाहीच. माहेरच्या गुप्तांची आहे, गोत्रही माहेरचे, धारण. सासरच्या गादीवर बसून ती वडिलांच्या नावाने बोलते. पुढे धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आल्यावरही रिद्धपूरचा लेख तिने त्याच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने काढला, तोही रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या चरणांपासून. मुलगा चांगला सज्ञान झाला, तरी तिचा शेरा गेला नाही. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली आहे. मुद्रा म्हणजे रोजच्या कागदपत्रांवरचा शिक्का. दानधर्मापुरते नाव असणाऱ्या राणीला त्याची गरज पडत नाही.

चांदबीबी आणि ताराबाई

दगड आणि तांबे मागे पडून बखरी, तवारिखा आणि पत्रे आली की राण्यांचे चेहरे स्पष्ट दिसू लागतात. १५८०मध्ये विजापूरचा अली आदिलशहा मारला गेला, तेव्हा आपली दाभोळ-राजापूरची किनारपट्टी विजापूरच्याच अमलाखाली होती. गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम आला आणि त्याचे पालकत्व अलीची विधवा चांदबीबी हिच्याकडे. दरबारातल्या सरदारांनी एकदा तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, तरी ती परत आली. पुढे माहेरी अहमदनगरला, १५९५-९६च्या मोगल वेढ्यात, सुरुंगाने पडलेले खिंडार तिने उभी राहून रातोरात बुजवून घेतले. वऱ्हाड देऊन तह करावा लागला, पण नगर वाचले. १६००मध्ये तिच्याच माणसांनी फितुरीचा संशय घेऊन तिला ठार केले आणि त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या हाती गेला.

यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इब्राहिम हा चांदबीबीच्या नवऱ्याचा पुतण्या होता. नगरला ज्या बहादूरशहासाठी ती लढली, तो तिच्या भावाचा नातू. दोन राज्ये तिने सांभाळली, पण दोन्हीकडचा वारस तिच्या पोटचा नव्हता. सरदारांनी तिला पुढे केले ते तिच्या वकुबामुळे. पालक राणी म्हणजे वारसाची आई, हे समीकरण इथे साफ मोडते. विजयभट्टारिकेच्या ताम्रपटात नसलेला मुलगा शोधत बसणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवायला हवे.

ताराबाईंचा काळ मध्ययुगाच्या अगदी कडेचा. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आपल्या लहानग्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. तो गड घेत होता, मराठे ते परत मिळवत होते आणि त्याच वेळी मोगली मुलखात घुसत होते. मिरजोळ्याहून हातखंब्यावर येऊन कोल्हापूरचा रस्ता धरला की पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. त्याच घाटाच्या परिसरातून १७०२मध्ये औरंगजेबाची फौज विशाळगडाला भिडली. जूनमध्ये गड त्याला मिळाला, पण सह्याद्रीच्या पावसात परतताना त्या फौजेचे जे हाल झाले, ते मोगलांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहेत. ताराबाईंच्या कारभाराची आणि धैर्याची कबुली देणारा खाफीखानही शत्रुपक्षाचाच. १७०७ला औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले, आणि ताराबाईंचा अधिकार वारसाहक्काच्या वादात अडकला. १७१४मध्ये घरातल्याच माणसांनी त्यांना बाजूला केले. तरीही डिसेंबर १७६१पर्यंत, म्हणजे पानिपतानंतरही, त्या हयात होत्या आणि मराठी राजकारणात त्यांचे वजन होते.

त्याच दशकातले जग

विजयभट्टारिकेच्या वेळी इतरत्र काय चालले होते? फ्रान्समध्ये, तेव्हाच्या फ्रँक लोकांच्या राज्यात, बाल्थिल्ड राणी ६५७पासून लहान मुलाच्या नावाने कारभार पाहत होती. जपानमध्ये ६५५ ते ६६१ सैमेई ही सम्राज्ञी गादीवर होती. चीनमध्ये ६५५मध्ये पट्टराणी झालेली वू पुढे ६९०मध्ये स्वतःच सम्राट झाली. आपल्याकडे पुढे काश्मीरची दिद्दा दहाव्या शतकात आधी मुलाची, मग नातवांची पालक आणि शेवटी स्वतः राज्यकर्ती झाली. कल्हणाच्या राजतरंगिणीमुळे ती आपल्याला ठाऊक आहे. बाल्थिल्डचे चरित्र तिच्या मृत्यूनंतर लवकरच लिहिले गेले. विजयभट्टारिकेला चरित्रकार मिळाला नाही. तिच्या वाट्याला तांब्याचे काही पत्रे आले. म्हणून तिचे राज्य लहान होते असे ठरत नाही. आपल्याकडे जपलेला कागद कमी, एवढेच ठरते.

या सगळ्यातून काय दिसते

पहिली गोष्ट : ‘रीजंट’ हा शब्द आपण मागाहून लावतो. राण्या स्वतः काय म्हणतात ते आधी वाचावे. प्रभावतीगुप्ता स्वतःला युवराजाची आई म्हणवते, तिला तो शब्द काही काळ लागू पडतो. चांदबीबी आणि ताराबाई यांनाही पडतो. विजयभट्टारिका मुलाचे नावच घेत नाही. तिला ‘पालक राणी’ म्हणण्यापेक्षा ‘दक्षिण कोकणात अधिकार चालवणारी चालुक्य राणी’ म्हणणे पुराव्याला धरून होईल.

दुसरी : या सर्वजणींचा उदय राज्य अडचणीत असताना झाला. पल्लवांचा हल्ला, मोगलांचा वेढा, अकाली वैधव्य. घर बुडायला लागले की कारभार बाईच्या हाती देतात, आणि घर सावरले की वंशावळ लिहिताना तिला वगळतात.

तिसरी : कोकणी माणसाला हे समजायला अवघड नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथला पुरुष मुंबईला चाकरीवर आणि घर, शेती, देव, भावकी सगळे बाईच्या अंगावर. उताऱ्यावर नाव कोणाचेही असो, कुळागर कोणाच्या हातावर उभे राहिले ते वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असते. इतिहासाने वाडीइतके तरी प्रामाणिक असावे.

आता दोन मागण्या. सकाळी मिरजोळ्यातून निघाले तर दुपारच्या जेवणाला कुडाळात पोचता येते. नेरूरचा कलेश्वर पाहायला माणसे जातातही. त्या गावात आणि कोचऱ्यात विजयभट्टारिकेचे नाव आणि ६५९ हे साल सांगणारा एक साधा दगडी फलक असावा. दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांत चौथीच्या मुलाला शिवरायांचा इतिहास शिकवताना, त्यांच्याही हजार वर्षे आधी याच मातीत ‘स्वराज्य’ हा शब्द एका राणीच्या ताम्रपटावर कोरला गेला होता, हेही सांगावे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे जगाच्या नकाशावर आली ती गावोगावच्या माणसांनी ती दाखवली म्हणून. ताम्रपटांचेही तसेच होऊ शकते.

आणि वाचकांना विनंती. विहीर, जोते किंवा रस्ता खणताना अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा हाती लागला, तर तो भंगारात घालू नका, चिंचेने घासून लख्ख करू नका, कडी तोडू नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात सांगा, किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात जा. विजयभट्टारिकेची गोष्ट दोनच लेखांवर उभी आहे. तिसरा कदाचित कोणाच्या तरी परड्यात अजून पुरलेला असेल.